आज माझा रंग काय?

माझं काम भांडी घासायचं. संस्थेच्या कागदावर 'निर्जंतुकीकरण साहाय्यक' असं लिहिलंय, वाचतानाच दम लागावा असं. पण बाटल्या धुवायच्या, वाफेच्या मोठ्या भांड्यात घालून त्यातला जंतू न् जंतू मारायचा आणि वर पेशींच्या खोलीत पाठवायच्या, एवढंच ते. त्या भांड्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात आणि मला वाफेवाला. सव्वीस वर्षं झाली. नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

पण सांगायचंय ते माझं नाही, वरच्या खोलीतल्या बाईचं. तिला सगळे खानावळवाली म्हणायचे. माणसाच्या कातडीचा तांदळाएवढा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी काचेसारख्या पारदर्शक चपट्या बाटल्यांत वाढवतात, त्यांना फ्लास्क म्हणतात. त्या पेशींना रोज जेवायला घालणं ही हिची नोकरी. सुट्टी असो, ताप असो, बाहेर काहीही पेटलेलं असो, ही सकाळी साडेआठला हातमोजे चढवून हजर. 'पेशींना कॅलेंडर कळत नाही, दादा,' म्हणायची. मी म्हणायचो, 'तुला तरी कुठे कळतंय.'

पेशी म्हणजे काय हे मला शाळेत मारून मुटकून कळलं नव्हतं, ते तिने बाटल्या मोजून घेता घेता समजावलं. प्रत्येक पेशीत भट्ट्या असतात. साखर आधी बाहेरच थोडी फोडायची, मग उरलेलं भट्टीत घालून श्वासातल्या हवेवर पुरतं जाळायचं. खरी ताकद त्या भट्टीतून येते. आणि तिच्याकडच्या एका फ्लास्कातल्या पेशींच्या भट्ट्या जवळजवळ विझलेल्या होत्या.

'मग त्या मरत का नाहीत?' मी विचारलं.

'मरायलाच हव्यात ना? पण जगतात लबाड!' तिचे डोळे असे चमकले की जणू कोणाची तरी खोडी सांगतेय. 'भट्टी नाही तर नाही, नुसती साखर फोडून भागवतात. त्यात मिळतं चिमूटभर, म्हणून पोतंभर खातात. आणि खाल्ल्याचं आंबट पाणी बाहेर टाकतात. त्यांच्या खाण्यात लाल रंग घातलेला असतो. आंबट झालं की तो पिवळा पडतो. बाकीच्यांचं खाणं दोन-तीन दिवस लाल राहतं. ह्यांचं संध्याकाळी बघावं तर पिवळं.'

'म्हणजे साखर असली की झालं.'

'नाही ना. भट्टीच्या धगीवर घरातली दुसरी कामंही चालायची, ती अडतात. नवी पेशी बांधायला एक वीट लागते, ती बनेनाशी होते. ती मी बाहेरून देते, तिला युरिडिन म्हणतात. आणि साखर फोडताना भार साठत जातो, तो उतरवायला पायरुवेट. हे दोन आधार रोज दिले, आंबट पाणी रोज काढलं, की त्या जगतात. एक दिवस विसरले तर...' तिने बाटल्या उचलल्या.

त्या पेशी तिच्या मुलीच्या होत्या. हे मला तोवर माहीत नव्हतं आणि मी फिदीफिदी हसत होतो.

मुलीचं घरातलं नाव टकळी. सारखी चालू, म्हणून. तेरा वर्षांची. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही बाजूंनी भट्टीच्या कृतीची चुकलेली प्रत तिला मिळाली होती. आईबापांकडे चुकलेल्या प्रतीबरोबर एकेक चांगली प्रतही होती, म्हणून त्यांचं काहीच बिघडलं नाही. बाप दूरच्या गावी पूल बांधायच्या कामावर, महिन्यातून दोनदा यायचा, पोरीला पाठुंगळी घेऊन घरभर फिरवायचा आणि जाताना जिन्यात उभा राहून रडायचा. टकळी आधी पळायची, मग चालायला लागली, मग बसून राहायला लागली. शाळा सुटली. शेवटी बोलायलासुद्धा दम पुरेना, तेव्हा बोलणं निवडून करायला लागली. वात्रटपणा तेवढा कमी झाला नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, ह्याच आजारावर एका औषधाचा शोध घेत होत्या. त्यांनीच टकळीच्या दंडातला तुकडा घेतला. शेजारी ठेवून ताडून बघायला निरोगी माणसाच्या पेशी लागतात, म्हणून खानावळवालीने स्वतःचा दंड पुढे केला. एका फ्लास्कवर 'लेक' आणि एकावर 'आई'. एकाच उबेच्या पेटीत, एकाच फळीवर.

ती बाई रोज आधी लेकीला जेवायला घालायची, मग स्वतःला. घरी तसंच आणि इथे तसंच. घरी गेली की टकळी पलंगावरून विचारायची, 'आज माझा रंग काय?'

'पिवळा.'

'आणि तुझा?'

'लाल.'

'नेहमीचंच रडगाणं,' असं म्हणून टकळी तोंड फिरवायची. पण विचारल्याशिवाय एक दिवस गेला नाही. मी हे कानांनी ऐकलंय, कारण तिचं घर माझ्या वाटेवर. संध्याकाळी मीच तिला स्कूटरवरून सोडायचो आणि वर चहा घेऊन निघायचो. टकळी मला वाफेकाका म्हणायची.

एकदा खानावळवालीने धीर करून मोठ्या बाईंना विचारलं. मी तेव्हा बाटल्यांची ट्रॉली घेऊन दारात होतो. 'बाई, दोन आधार दिले की फ्लास्कात जगतात. मग तेच दोन मी तिला दुधातून दिले तर?'

मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, 'फ्लास्कातली पेशी काही करत नाही गं. चिकटून बसते. चारी बाजूंनी साखर, आंबट झालं की ते काढायला तू. तुझ्या मुलीच्या हृदयाला दिवसाला लाखभर वेळा ठोका द्यायचाय. मेंदूला एवढी बडबड करायचीय. ते नुसत्या फोडलेल्या साखरेवर नाही भागत.' ही मान हलवून बाहेर आली आणि माझ्या ट्रॉलीतल्या बाटल्या उगाच मोजायला लागली. मोजत राहिली. मी दोनदा म्हटलं, 'चाळीस आहेत,' तरी मोजत राहिली.

आता औषधाचं ऐका, कारण सगळा जीव तिथे अडकला होता. लेकीच्या पेशी दोन फ्लास्कांत केल्या. एक साधा, एक औषधाचा. सहा आठवडे दोन्हींना आधारासकट जेवण, एकात शिवाय औषध. मग आधार काढून घ्यायचे. औषधवाल्या जगल्या तर औषधाने भट्टी पेटली म्हणायची आणि मग खास परवानगी काढून ते टकळीला द्यायचं. मेल्या तर विषय संपला. दुसरं औषध हाताशी नव्हतं, आणि तोवर टकळीला उशी पाठीशी लावल्याशिवाय बसता येत नव्हतं. खानावळवाली म्हणायची, 'बुडत्याला काडीचा आधार, दादा. माझी काडी फ्लास्कात आहे.'

पेशींच्या खोलीत एक नियम आहे: एका फ्लास्काची एक बाटली. एका बाटलीतलं खाणं दोघांना द्यायचं नाही. खाणं घालायच्या पिपेटच्या टोकाला दोन-चार पेशी लागून बाटलीत गेल्या, की त्या पुढच्या घरात पाहुण्या म्हणून शिरतात आणि मालक होऊन बसतात. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, भिंतीवरच्या पालीला माहीत होतं.

चौथ्या आठवड्यात माझ्या ऑटोक्लेव्हच्या दाराची रबरी कडी गेली. गेली काय, दोन आठवडे फुसफुसत होती. मीच म्हणत होतो, 'चालतंय तोवर चालू दे.' त्या दिवशी वाफ धरेना. चाळीसातल्या सदतीस बाटल्या आतच राहिल्या, आदल्या दिवशी वाफ दिलेल्या तीनच बाहेर होत्या. दोन जंतुमुक्त बाटल्या वर पाठवल्या आणि तिसरीचं झाकण सैल निघालं म्हणून ती मीच फेकली. सकाळी सकाळी डोकं तापलेलं. ती खाली आली, म्हणाली, 'दादा, दोनच?' मी खेकसलो, 'दोनात भागव! मी काय बाटल्यांना जन्म देतो?'

तिने भागवलं. एका बाटलीतून साध्या फ्लास्कला दिलं आणि आधार संपले. आधारांची गोठवलेली नवी नळी पाण्यात वितळायला ठेवली. तेवढ्यात शेजारणीचा फोन, की टकळी पलंगावरून घसरली, लागलं काही नाही पण आईला बोलाव म्हणतेय. नळी अजून बर्फ. वेळ वाया कशाला घालवायचा म्हणून तिने दुसरी बाटली उघडून आधी स्वतःच्या फ्लास्कला जेवण दिलं, त्याला आधार लागतच नाहीत. मग नळी वितळली, ती त्याच बाटलीत ओतली, औषध घातलं आणि लेकीच्या औषधवाल्या फ्लास्कात रिकामी केली. आयुष्यात पहिल्यांदा आई आधी जेवली. दहा मिनिटांचं काम. हातमोजे काढून ती पळाली, मी तिला स्कूटरवर घातलं, आणि नियमबियम आम्ही दोघंही विसरलो.

दोन आठवड्यांनी आधार काढले. साध्या फ्लास्कातल्या पेशी चौथ्या दिवशी सुटून तरंगायला लागल्या. औषधाच्या फ्लास्कातल्या जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, वाढल्या. आणि खाणं संध्याकाळी बघितलं तर लाल.

ती धावत खाली आली. सव्वीस वर्षांत माझ्या वाफेच्या खोलीत कोणी धावत आलं नव्हतं. 'दादा, लाल आहे! लाल!' माझा ओला हात धरून हलवत होती. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, पेशींची ओळख पटवून घेऊ, अकरा दिवस लागतील, तोवर घरी बोलू नको. नको म्हणणं सोपं असतं हो.

'आज माझा रंग काय?'

'लाल,' ती म्हणाली आणि दारातच बसली.

टकळी म्हणाली, 'माझे शाळेचे बूट कुठेत?' काढले. पॉलिश करून घेतले, माझ्याकडूनच. घालून बघितले तर पायाला लहान. 'पेशी वाढल्या की पाय पण वाढतात वाटतं,' म्हणाली. त्या रात्री बापाला फोन गेला. तो पुलावरून एवढ्या मोठ्याने ओरडला की फोन लांब धरावा लागला.

एक गोष्ट मला नंतर कळली. त्या अकरा दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघताना खानावळवालीच्या मनात पाल चुकचुकली होती. लेकीच्या पेशी रुंद, आळशी, पसरून बसणाऱ्या. आणि ह्या बारीक, लांबट, शिस्तीत ओळी धरलेल्या. वर्षभर ज्यांना रोज बघितलं, त्यांची चाल ती ओळखणार नाही? पण तिने स्वतःची समजूत घातली की तब्येत सुधारली की माणूसही सडपातळ होतो. मी तिला दोष देत नाही. मी असतो तर डोळेच मिटून घेतले असते.

अकराव्या दिवशी ओळखीचा कागद आला. मोठ्या बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, दार लोटलं, पण मी दाराशीच होतो. म्हणाल्या, 'ह्या तिच्या पेशी नाहीत. ह्या तुझ्या आहेत.'

तिला कळेना. 'माझ्या वेगळ्या आहेत, बाई. शेजारच्या फ्लास्कात.'

'त्याही तुझ्या आणि ह्याही तुझ्याच. ह्या फ्लास्कात तिची एकही उरलेली दिसत नाही. तुझ्या चार गेल्या असतील. तिच्या हळू वाढतात, तुझ्या भराभर. आधार काढले तेव्हा तिच्या मेल्या आणि तुझ्या जगल्या. औषधाने काही केलेलं नाही.'

मग चौकशी. बाटली कोणती, दिवस कोणता. मी दाराबाहेर जिभेला कुलूप लावून उभा, आणि आतून तिचा आवाज आला, 'घाई झाली, बाई. माझीच चूक. एकाच बाटलीतून दिलं.' रबरी कडीचं एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी अजून म्हणतो, तिने माझं नाव घ्यायला हवं होतं. आत जाऊन मीच सांगायला हवं होतं, हेही मला कळतं. पाय उचललाच नाही.

संध्याकाळी तिला स्कूटरवरून सोडलं आणि नेहमीसारखा मीही वर गेलो. घरात शिरल्यावर टकळीने विचारायच्या आतच तिने सगळं सांगून टाकलं, उभ्यानेच, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून. लेकीला ती कधी खोटं सांगायची नाही.

टकळी ऐकत होती. मध्ये दोनदा श्वास घ्यायला थांबली. मग म्हणाली, 'म्हणजे तू पहिल्यांदा माझ्याआधी जेवलीस. आणि सगळंच संपवलंस.' आणि हसली. खरंखुरं हसली, खोकला येईपर्यंत.

तिने विनोदच केला होता. पण आई तिथेच भिंतीला धरून खाली बसली आणि असं रडली की मला तिच्याकडे बघवेना आणि तिथून निघवेना. टकळी म्हणत राहिली, 'आई, गंमत केली गं. अगं, गंमत.' पलंगावरून हात पोचत नव्हता.

लेकीच्या पेशींची गोठवलेली एकच नळी शिल्लक होती. नवा तुकडा काढा म्हटलं तर तिच्या डॉक्टरांनी हात जोडले. आधीची जखमच भरायला दोन महिने लागले होते, आणि नव्या पेशी वाढवायला आणखी चार. चार महिने कोणाकडे होते? मोठ्या बाईंनी सरळ सांगितलं, 'औषध निरुपयोगी ठरलंय. ह्या नळीतून तिला काही मिळणार नाही.' ही म्हणाली, 'मिळू दे नाहीतर न मिळू दे. तिच्या आहेत, वाढवायच्या आहेत.' बाईंनी चष्मा पुसला आणि होकार दिला.

रबरी कडी मी नवी बसवली होती. तिच्यासाठी वेगळ्या वीस बाटल्या काढून ठेवल्या, दोन-दोनदा वाफ दिलेल्या, वर 'लेक' असं मीच लिहून. माझं अक्षर कोंबडीचे पाय. टकळीला दाखवलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं. नळी वितळवली, आधार घातले. रोज आधी लेक, मग बाकीचे. पहिल्या दिवशी थोड्या चिकटल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून थोड्या. नवव्या दिवशी दुपारी टाकाऊ सामानाची बांधलेली पिशवी माझ्याकडे वाफेला आली, त्यात तो फ्लास्क होता. खाणं लालभडक, आज ओतल्यासारखं. पिवळं करायला आत कोणी उरलंच नव्हतं.

मी तो फ्लास्क हातात धरून बराच वेळ बसलो. मग आत ठेवून दार लावलं, कडी आवळली, वाफ सोडली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी तिला घरी सोडलं. वर जाऊ नये असं वाटत होतं, पण तिने 'चहा घेऊन जा, दादा' असं म्हटलं ते एकटीला जायचं नव्हतं म्हणून. टकळीला आता नळीतून प्राणवायू लावलेला. उशीवर डोकं, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलीय.

'आज माझा रंग काय?'

आई पदराला हात पुसत होती, हात कोरडेच होते. 'पिवळा,' ती म्हणाली.

टकळीने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, माझ्याकडे. 'खरं, वाफेकाका?'

'पिवळाधमक,' मी म्हणालो. 'माझ्या डोळ्यांनी बघितला.'

'मग आहेत म्हणजे.' तिने श्वास जमवला. 'आई, उद्या मला आधी जेवायला घाल हं. विसरू नको.'

'नाही विसरणार,' आई म्हणाली.

मी कप उचलले आणि मोरीत धुवायला नेले. धुणं तेवढं मला येतं.